आयडीची शेवटची दोन अक्षरं

"विंडोज मारून द्या, पण डेटा राहिला पाहिजे." नगरमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्याला हे वाक्य ऐकून ऐकून पाठ होतं. (शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, गिऱ्हाईक बोलताना अजून नगरच म्हणतं, मीही.) पूर्वी या मागणीत अवघड काही नव्हतं. सी ड्राइव्ह पुसायचा, डी तसाच ठेवायचा, ड्रायव्हर टाकायचे आणि संध्याकाळी सीपीयू परत द्यायचा. व्हायरस काढला की काम झालं, एवढा सरळ हिशेब होता.

फायलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरने हा हिशेब मोडला. त्याला मशीनमधून काढणं हे या सगळ्या भानगडीतलं सर्वांत सोपं काम. कित्येकदा मशीन दुकानात येईपर्यंत विंडोजच्या डिफेंडरनेच त्याला पकडून ठेवलेलं असतं. फायली मात्र कुलूपबंद त्या कुलूपबंद. घरच्या कॉम्प्युटरवाल्याला हे पटवून देताना दमछाक होते. "व्हायरस गेला ना? मग फोटो का उघडत नाहीत?" गेला तो कुलूप लावणारा, किल्ली चोराकडेच राहिली.

आमच्याकडे हा प्रकार येतो तो मुख्यतः क्रॅकमधून. लग्नसराईच्या तोंडावर पत्रिका छापणारे, फ्लेक्सवाले, फोटो स्टुडिओवाले यांना कोरल आणि फोटोशॉप लागतं, आणि लायसन्स घ्यायची तयारी फार थोड्यांची. मग क्रॅक, म्हणजे लायसन्सशिवाय चालणारी चोरटी प्रत, शोधली जाते. डाउनलोड होते ती पासवर्ड लावलेली झिप, आणि पासवर्ड शेजारीच लिहिलेला. चोराने आपल्या मालाला पासवर्ड लावून तो सगळ्यांना सांगावा, याचा अर्थ कुणी विचारत नाही. कारण साधं आहे : बंद झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही. तरी कमी पडू नये म्हणून खाली सूचना असते, आधी अँटिव्हायरस बंद करा. ऑपरेटर तेही करतो. डबल क्लिक केल्यावर कोरल काही उघडत नाही, पण विंडोज अपडेट होत असल्यासारखी एक खिडकी येते आणि टक्के चढू लागतात. अपडेट चाललंय म्हणून माणूस चहाला जातो.

तेवढ्यात काम झालेलं असतं. 2018 पासून पसरलेल्या ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या घराण्याची ही पद्धत. प्रत्येक फायलीच्या नावापुढे एक नवं शेपूट, बहुधा चार अक्षरांचं. प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची चिठ्ठी. तिच्यात कित्येक वर्षं हीच मागणी असे : 980 डॉलर द्या, 72 तासांत संपर्क केलात तर निम्म्यात, म्हणजे 490 डॉलरमध्ये. भरवसा बसावा म्हणून एक फाइल फुकट सोडवून द्यायची तयारी. चिठ्ठीच्या अगदी खाली लांबलचक पर्सनल आयडी.

मी सगळ्यात आधी त्या आयडीची शेवटची दोन अक्षरं बघतो. ती इंग्रजी छोटा टी आणि एक, अशी असली तर खुर्ची ओढून बसतो. नसली तर गिऱ्हाइकाला बसायला सांगतो.

असं का, तर हा प्रोग्रॅम सुरू झाल्या झाल्या आपल्या मालकाच्या सर्व्हरला किल्ली मागतो. सर्व्हरने उत्तर दिलं तर फक्त त्या एका मशीनसाठी वेगळी किल्ली बनते आणि तिचा उघडणारा भाग चोराकडेच राहतो. पण त्या क्षणी नेट गेलेलं असलं, किंवा चोराचा सर्व्हर झोपलेला असला, तर तो अडून बसत नाही. पोटात ठेवलेली तयार किल्ली वापरतो. ती त्या आवृत्तीच्या सगळ्या बळींना सारखीच. जगात कुणा एकाकडून ती बाहेर आली की एम्सिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीच्या मोफत डिक्रिप्टरमध्ये जमा होते आणि बाकीच्यांचंही कुलूप निघतं. हा डिक्रिप्टर ऑक्टोबर 2019 मध्ये आला. ऑगस्ट 2019 च्या आधीच्या बऱ्याच आवृत्त्या त्याने सोडवल्या; त्यानंतरच्यांत मात्र बहुधा या शेवटच्या दोन अक्षरांवरच सगळं ठरतं. ज्या नेटला आपण रोज शिव्या घालतो ते ऐन वेळी गेलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला या धंद्यात अनेकदा वाटलंय.

हा विचार फक्त नगरच्या सावेडीतल्या माझ्यासारख्या दुकानदाराचा नाही. 27 जून 2017 रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा आडवी झाली. आपला कांदा ज्या न्हावा शेवा बंदरातून परदेशी जातो, तिथलं मर्स्कच्या ताब्यातलं टर्मिनलही त्यात अडकलं. कंपनीच्या जाळ्याचा नकाशा सांभाळणारे सर्व्हर सगळीकडे एकदमच गेले. वाचला तो एक, घानामधला. तिथे वीज गेल्यामुळे तो हल्ल्याच्या वेळी जाळ्यावर नव्हता. त्या एका प्रतीवरून कंपनीने सगळं पुन्हा उभारलं. नॉटपेट्याने पडद्यावर दाखवलेला आयडी तर निव्वळ अंदाधुंद अक्षरं होती. पैसे भरले असते तरी सोडवायला त्यांच्याकडेही काही नव्हतं. खंडणीचं नाव, काम नासधुशीचं.

सरकारी कचेऱ्याही सुटलेल्या नाहीत. मे 2016 मध्ये मंत्रालयात ‘लॉकी’ शिरला. बिल किंवा पत्र असल्याची बतावणी करणाऱ्या मेलच्या जोडफायलीतून तो येई. महसूल आणि सार्वजनिक बांधकाम विभागांतले सुमारे 150 कॉम्प्युटर त्याने धरले. मार्च 2021 मध्ये एमआयडीसी महामंडळाच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि राज्यभरच्या कचेऱ्यांचं ऑनलाइन काम थांबलं.

कर सल्लागारांची गोष्ट निराळी. लॉकडाऊनमध्ये घरून टॅली चालवायची म्हणून अनेकांनी ऑफिसच्या मशीनचं रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडं ठेवलं, पासवर्ड एक-दोन-तीन-चार. शिंगणापूरला घरांना दारं नसतात हे कौतुकाने सांगणारे आम्ही. पण तिथे निदान शनिदेव आहेत. या वाटेने चोर माणूसच आत येतो, बहुधा रात्री किंवा रविवारी, अँटिव्हायरस स्वतःच्या हाताने बंद करतो आणि बॅकअपची डिस्क जोडलेली दिसली की तीही धरतो. तिथे शेवटची दोन अक्षरं बघून काही उपयोग नाही.

मशीन आलं की पहिला तास मी काही करत नाही, असं गिऱ्हाइकाला वाटतं. लॅनची वायर काढतो, वायफाय बंद, पेनड्राइव्ह बाहेर. चिठ्ठी आणि दोन-तीन कुलूपबंद फायली वेगळ्या ठेवतो, मग अख्ख्या डिस्कची प्रत काढतो. फॉरमॅटची घाई करणारा मेकॅनिक इथे चोरापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण आयडी गेला की पुढे कधी किल्ली निघाली तरी कुठली लावायची ते कळत नाही. त्यानंतर साफसफाई : अ‍ॅपडेटाच्या फोल्डरमधली मूळ फाइल, दर काही मिनिटांनी तिला उठवणारा शेड्यूल केलेला टास्क, आणि अँटिव्हायरसच्या साइट उघडू नयेत म्हणून होस्ट्स फायलीत घातलेल्या ओळी. हा प्रोग्रॅम बरोबर पासवर्ड चोरणारा साथीदारही आणतो. म्हणून नेटबँकिंग आणि मेलचे पासवर्ड मोबाइलवरून लगेच बदलायला लावतो, 1930 वर तक्रार नोंदवायला लावतो.

खरी कारागिरी यापुढे. स्टॉप घाईत असतो. मोठ्या फायलीचे तो सुरुवातीचे साधारण 150 केबीच नासवतो. लग्नाच्या व्हिडिओला त्याचं काय? कॅमेऱ्याच्या बऱ्याच एमपी-४ फायलींची अनुक्रमणिका शेवटी असते, म्हणून त्याच कॅमेऱ्याची एक चांगली फाइल नमुन्याला घेतली की सुरुवातीचे काही क्षण सोडून बाकी वरात परत चालू लागते. बारीक जेपीजी फोटोंचं मात्र त्यात सगळंच जातं. तेव्हा विचारायचं, "भाऊ, त्या शूटचं कार्ड नंतर वापरलं का?" साधं फॉरमॅट करून ठेवलेल्या कार्डातून फोटो बऱ्याचदा निघतात.

आणि मग गावभर फिरायचं. पत्रिकेचं प्रूफ नवरीच्या मामाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असतं. फ्लेक्सची फायनल फाइल छपाईवाल्याच्या मशीनमध्ये पडून असते. सल्लागाराने भरलेली जीएसटी रिटर्नं पोर्टलवरून उतरवता येतात. टॅलीचा ढाचा त्यावरून पुन्हा बांधायला महिना जातो, पण बांधता येतो. गिऱ्हाइकाने जपून स्वतःपाशीच ठेवलेलं गेलेलं असतं, आणि जे वाटलं, पाठवलं, दुसऱ्याच्या गळ्यात मारलं, ते वाचलेलं.

उरलेल्या फायलींबद्दल मी "नाही" म्हणतो तेव्हा कुणीतरी बाहेरच्या पार्टीचा नंबर काढतो : हमखास सोडवून देतात, आधी एक फाइल सोडवून दाखवली. ती फाइल चोरानेच फुकट सोडवून दिलेली असते. असले बरेच जण चोराला पैसे भरून वर आपलं कमिशन लावतात.

मशीन परत देताना बाहेरची डिस्क घ्यायला सांगतो. रोज संध्याकाळी जोडा, प्रत घ्या, काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवाल तर बॅकअप नव्हेच. मान डोलते. पैसे दिले जातात. मग सीपीयू उचलता उचलता प्रश्न येतो, "बाकी सगळं बसलं, कोरल कधी टाकून देता?" लायसन्सची किंमत सांगतो. ते हसतात, आणि पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात जातात.