मामांचे पाच वॉट

हल्ली माणसाची पतसुद्धा वॉटवर ठरते की काय, कोण जाणे. टीव्हीखाली ठेवायची पट्टी घेतली तरी तिच्यावर तीनशेचा आकडा असतो. अशा दिवसांत आमच्या मामांनी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, थरथरत्या हातांनी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बांधला आणि आम्हाला दिला. शक्ती म्हणाल तर प्रत्येक बाजूला पाच वॉट. जुना झीरोचा दिवासुद्धा याहून जास्त खायचा!

“स्पीकर तुझे तू बघ. दिवाळीत ऐकायला येतो,” एवढं बोलून मामा गेले. जाताना हेही म्हणाले, की हा शेवटचा. आता बोटं ऐकत नाहीत.

पहिल्याच दुकानदाराने माझ्याकडे उधारी मागायला आल्यासारखं पाहिलं. “साहेब, हा स्पीकर दीडशे वॉटचा. तुमचे पाच वॉट याच्या दातांच्या फटीत जातील!” आता, स्पीकरवर छापलेले वॉट ही त्याची सहनशक्ती असते, भूक नव्हे. दीडशे छड्या खाऊ शकणारा मुलगा पाच छड्यांत ओरडणार नाही असं थोडंच आहे? तो किती चटकन ओरडतो ते पाहायचं. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल, हा तो आकडा. ८४ डेसिबलचा स्पीकर पाच वॉट घेऊन जेवढा बोलतो, तेवढा ९४चा अर्ध्या वॉटात बोलतो. दहा डेसिबलला दहापट वीज. हा हिशेब कळल्यावर मला शाळेतला लॉगॅरिथम पहिल्यांदा उपयोगी पडला.

पूर्वीच्या लोकांना हे पाठच होतं. ग्रामोफोनला तर एकही वॉट नव्हता, कर्णा होता. थिएटरांतही पडद्यामागे भलेमोठे कर्णे असत, कारण अ‍ॅम्प्लिफायर अशक्त. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४०च्या दशकात घरासाठी काढलेला क्लिप्शहॉर्न तर खोलीच्या कोपऱ्यात बसून दोन्ही भिंतींनाच कर्ण्याचा भाग करतो. डेसिबल शंभराच्या वर. मी हरखलो. पण आमच्या खोलीच्या चार कोपऱ्यांपैकी एकात देव्हारा, एकात फ्रिज आणि एकात दार. स्टीरिओला कोपरे लागतात दोन.

“अहो, फ्रिज हलवता येईल,” ही म्हणाली. देव्हाऱ्याबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

मग लहान पेट्या पाहिल्या. बीबीसीने काढलेला एलएस३/५ए फार गोड गातो म्हणतात, आणि गातोही. पण तो ८३च्या आसपास. मामांच्या वॉटांना धाप लागली असती. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घ्याव्यात, तिसरीचं नाव काढू नये.

शिवाय इम्पिडन्स! पाठीवर ‘८ ओहम’ लिहिलेला स्पीकर एखाद्या सुरावर तीनवर घसरतो, दुसऱ्यावर तीसवर चढतो. ट्रान्झिस्टरवाला ते निभावून नेतो. व्हॉल्व्हवाला भिडस्त, स्पीकर वर-खाली झाला की ह्याचा सूरच बदलतो. थोडक्यात, ओरडायला तयार पण स्वभावाने सरळ असा जोडीदार हवा. आमच्या नात्यात असा एकही नाही.

शेवटी आठ इंची, कागदी शंकूचे, ९५ डेसिबलचे जुने स्पीकर मिळाले. इम्पिडन्सचा आलेख बऱ्यापैकी शांत. सुताराने प्लायवूडच्या पेट्या केल्या. त्या धान्याच्या कोठ्यांएवढ्या झाल्या. पाहुण्यांपैकी एकाने आत तांदूळ का गहू, असं विचारलंही. खर्ज थोडा कमीच पडला. मी तिसरीचं नाव काढलं नाही.

दिवाळीत मामा आले. पेट्यांवरून हात फिरवला, मागे वाकून जोडणी आठ ओहमवरच आहे ना ते पाहिलं. हिराबाई बडोदेकरांची तबकडी लावली. बटण जेमतेम नऊच्या काट्यापर्यंत नेलं असेल. मामांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि डोळे मिटून बसले. आम्ही कोणी हललो नाही. हिने कुकरसुद्धा बंद केला.

एक बाजू संपली तेव्हा मामा म्हणाले, “बटण जरा मागे घे रे. शेजारी झोपले असतील.”