चाप सोडताना

भाषा शिकविणाऱ्या माणसाने बंदुकीविषयी लिहावे, हे आमच्या काही विद्यार्थ्यांना चमत्कारिक वाटेल. वर्षभर समास, वृत्ते आणि अलंकार यांच्या मागे लागलेल्या आमच्या हातून वार्षिकासाठी एखाद्या कवीवर लेख उतरावा, अशीच संपादक मंडळाची अपेक्षा होती. परंतु गेल्या काही वर्षांत आम्हांस सर्वांत उपयोगी पडलेला धडा कोणत्याही ग्रंथात सापडला नाही. तो एका रिकाम्या रायफलीने दिला. त्याविषयी चार शब्द लिहिणे हेच आम्हांस अधिक प्रामाणिकपणाचे वाटते.

आमचा जन्म गोव्यातील एका कोकणी घरातला. मराठी आम्ही शाळेत शिकलो, तिच्यावर प्रेम जडले, कला शाखेची पदवी घेतली आणि चोर्ला घाट चढून बेळगावात मराठी शिकवावयास आलो. बेळगाव हे लष्करी गाव. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र येथेच आहे. त्यामुळे रस्त्याने शिस्तीत जाणारे जवान आम्ही नित्य पाहत होतो. परंतु बंदुकीला हात लावण्याचा प्रसंग वयाची तिशी ओलांडेपर्यंत आला नाही. मग शाळेतील राष्ट्रीय छात्रसेनेचे पथक सांभाळणारे ज्येष्ठ शिक्षक निवृत्त झाले आणि मुख्याध्यापकांनी ते काम आमच्या गळ्यात घातले. छात्रसेना १९४८ साली कायद्याने स्थापन झाली. तिचे अधिकारी होणाऱ्या शिक्षकांना नागपूरजवळ कामठी येथे प्रशिक्षण घ्यावे लागते. आम्हीही तेथे दाखल झालो.

शस्त्रांच्या तासाला आम्हांस शिकविणारे हवालदार मूळचे सातारा जिल्ह्यातील होते. सैन्याच्या रीतीप्रमाणे त्यांना सारे ‘उस्ताद’ म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी आमच्यापुढे जी रायफल ठेवली तिचे नाव ‘एस. एल. आर.’, म्हणजे आपली आपण भरली जाणारी रायफल. बेल्जियममध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर तयार झालेल्या एका रायफलीवरून तिचा भारतीय नमुना सिद्ध झाला आणि पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तिचे उत्पादन होऊ लागले. १९६२ साली चीनशी झालेल्या युद्धात आपले सैनिक बहुतांशी जुन्या ‘थ्री नॉट थ्री’ रायफली घेऊन लढले होते. प्रत्येक गोळीनंतर त्या रायफलीचा बोल्ट हाताने उचलून मागे ओढावा लागे व पुन्हा पुढे लोटावा लागे. त्या युद्धानंतर सैन्यात या नव्या रायफलीचा प्रसार झाला, आणि पुढे १९९० च्या दशकात ‘इन्सास’ रायफल येईपर्यंत तीच आपल्या पायदळाची सोबतीण होती.

तिची करामत थोडक्यात सांगतो. तिच्या मॅगझिनमध्ये २० गोळ्या मावतात. चाप ओढला की आतला घोडा सुटतो. तो पिनेवर आपटतो आणि गोळी सुटते. गोळी नळीतून जात असता तिच्यामागच्या वायूचा थोडा अंश नळीवरील एका छिद्रातून निघून एका दट्ट्याला मागे ढकलतो. त्या धक्क्याने बोल्ट मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, घोडा पुन्हा मागे दाबला जातो. आणि मग स्प्रिंगच्या जोराने परत येताना बोल्ट नवी गोळी पुढे सारून बसवितो. पापणी लवण्याच्या आत हे सारे उरकते. शिपायाने काय करावयाचे? फक्त पुन्हा चाप ओढावयाचा.

येथे आमच्या एका सहाध्यायी शिक्षकाने, ते गणिताचे होते, एक नेमका प्रश्न विचारला. हे सारे जर इतक्या त्वरेने घडते, तर तेवढ्या अवधीत शिपायाचे बोट चापावरून उठलेलेही नसणार. बोट दाबलेलेच आहे, घोडा पुन्हा सज्ज आहे, नवी गोळी जागेवर आहे. मग ती लागलीच का सुटत नाही?

उस्ताद प्रसन्न झाले. त्यांनी रायफल उघडून आतील एक लहानशी पोलादी खिटी दाखविली. चाप ओढताच ही खिटी घोड्याला मोकळे करते. पण त्याच क्षणी ती चापापासून सुटून पुढे सरकते, आणि बोल्टाने मागे दाबलेल्या घोड्याला पुन्हा अडवून धरते. मग बोट कितीही जोराने दाबलेले असो, त्या दाबाचे घोड्यापर्यंत काही चालत नाही. बोट सैल करून चाप पुढे येऊ दिला, म्हणजेच चापाची व खिटीची पुन्हा गाठ पडते आणि दुसरी गोळी झाडण्याचा अधिकार शिपायाला मिळतो. एका दाबाला एकच गोळी, हा तिचा कायदा.

ही खिटी झिजली, तिची स्प्रिंग थकली किंवा तिच्यात घाण साचली, तर मात्र तो कायदा मोडतो. बोट एकदाच दाबले असता दोन, क्वचित त्याहून अधिक गोळ्या सुटू शकतात. पहिल्या गोळीच्या धक्क्याने नळीचे तोंड वर उचललेले असते. त्यामुळे पहिली गोळी नेम धरलेल्या ठिकाणी गेली, तरी दुसरी कोठे जाईल याचा भरवसा नाही. ती गोळी सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने निघते, हे ध्यानी घेतले म्हणजे पुढचे सांगावयास नको. म्हणून चापाची परीक्षा वरचेवर करावी लागते.

ती परीक्षा अशी. प्रथम मॅगझिन काढून दूर ठेवावयाचे. मग कॉकिंग हॅण्डल मागे ओढून बोल्ट उघडा धरावयाचा आणि गोळी बसण्याची जागा रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहावयाचे. अंधार असेल तर करंगळी घालून चाचपावयाचे. बोल्ट पुढे जाऊ दिल्यावर सेफ्टीचा खटका ‘एस’ या अक्षरावर आणून चाप ओढावयाचा: काहीही घडता कामा नये. चाप सोडून खटका ‘आर’ या अक्षरावर न्यावयाचा: तेव्हाही घोडा पडता कामा नये. आता चाप ओढावयाचा: ‘खट्’ असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. येथवर सारे सोपे आहे.

आम्ही येथवर बिनचूक आलो आणि ‘खट्’ आवाज होताच बोट काढून घेऊन विजयी मुद्रेने उस्तादांकडे पाहिले. ते एरवी तासाला सरकारी हिंदीत बोलत, पण त्या वेळी आपल्या गावच्या मराठीत म्हणाले, “साहेब, तुमी दाबून बगितलं. सोडून कुटं बगितलं?”

परीक्षेचा खरा भाग तेथून पुढे होता. चाप दाबलेलाच धरून ठेवावयाचा, आणि दुसऱ्या हाताने बोल्ट मागे ओढून पुढे जाऊ द्यावयाचा; जणू एक गोळी झाडून झाली. घोडा पडता कामा नये. मग बोट अगदी हळूहळू सैल करीत जावयाचे. एका ठिकाणी ‘टिक्’ असा बारीक आवाज होतो. तो इतका बारीक असतो की, शेजारी कोणी बोलत असेल तर ऐकू येत नाही. पण बोटाला तो जाणवतो. चापाची व खिटीची पुन्हा गाठ पडल्याची ती खूण. त्यानंतर पुन्हा ओढले असता पुन्हा ‘खट्’ झाले, तरच रायफल निर्दोष. आम्ही त्या ‘टिक्’साठी त्या दिवशी कितीदा चाप सोडला असेल याची गणती नाही. दाबणे पहिल्या मिनिटात आले होते. सोडणे येण्यास दुपार गेली.

दुसऱ्या दिवशी आणखी एक फजिती झाली, तीही सांगून टाकतो. आमच्या आधीच्या गृहस्थांनी रायफल रिकामी असल्याचे पाहून ती आमच्या हाती दिली होती. म्हणून आम्ही बोल्ट न उघडताच “खाली है” असे ठासून सांगितले. उस्तादांनी काही न बोलता ती रायफल आमच्याकडून घेतली, बोल्ट ओढला आणि आतून सरावाचे एक खोटे काडतूस जमिनीवर टाकले. आमचे लक्ष नसताना त्यांनीच ते आत घातले होते. “दुसऱ्यानं बगितलं ते त्याचं,” एवढेच ते म्हणाले. त्या पितळी काडतुसाचा फरशीवरील आवाज अद्याप आमच्या कानांत आहे.

या दोन्ही गोष्टी आम्ही वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतल्या, परीक्षा उत्तीर्ण झालो, गणवेश घालून परतलो आणि इतर अनेक टिपणांप्रमाणे ती वहीही कपाटात ठेवून दिली.

पुढील वर्षीची गोष्ट. नववीच्या वर्गात गोव्याच्या सीमेलगतच्या रानातील एका खेड्यातून येणारा एक मुलगा होता. एकदा निबंध वाचून दाखविताना त्याच्या तोंडून ‘मला’ऐवजी ‘म्हाका’ असा शब्द गेला. आम्ही त्यावर एक कोटी केली. वर्ग हसला. येथे थांबलो असतो तरी अपराध लहान नव्हता. पण आम्ही थांबलो नाही. त्या हशाच्या धक्क्यानेच जणू पुढचे वाक्य आपोआप आले: त्याच्या अक्षराविषयी. त्यामागून त्याच्या उशिरा येण्याविषयी, मग त्याच्या गावाविषयी. पहिले वाक्य निदान चुकीच्या शब्दावर रोखलेले होते. पुढची कोठे जाऊन लागली, हे पाहण्याचेही भान आम्हांस राहिले नाही. मुलगा वही मिटून खाली बसला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. आठ दिवस झाले तरी आला नाही.

हा शब्द आमच्या घरात आम्ही जन्मापासून बोलत आलो आहोत. आमची आई आजही याच शब्दाने बोलते. बेळगावात आल्यावर आमच्या जिभेवरून तो निसटू नये म्हणून आम्ही किती जपलो, हे आमचे आम्हांस ठाऊक. मग त्या पोराच्या तोंडी तो ऐकून आमच्या मनात नेमके कशाचा स्फोट झाला, याचा वाचकांनीच विचार करावा.

आठव्या दिवशी रात्री दुसऱ्या दिवशीच्या कवायतीचा पाठ काढण्यासाठी आम्ही कामठीची वही उघडली. तीत आमच्याच अक्षरात लिहिले होते: ‘चाप दाबून धरणे. बोल्ट ओढणे. घोडा पडता कामा नये.’ आम्ही वही मिटली आणि बराच वेळ दिव्याखाली बसून राहिलो. महाभारतातील अश्वत्थाम्याची कथा आम्ही वर्गात अनेकदा रंगवून सांगितली आहे. ब्रह्मास्त्राचा प्रयोग त्यालाही येत होता आणि अर्जुनालाही. परंतु सोडलेले अस्त्र आवरणे अर्जुनास साधले, अश्वत्थाम्यास साधले नाही. ही कथा सांगताना आपण कोणाच्या बाजूस उभे आहोत, याविषयी आम्हांस तोवर कधीही शंका आली नव्हती.

त्या रविवारी आम्ही त्या मुलाच्या गावी गेलो. बसमधून उतरल्यावर रानातून बरीच पायपीट होती. मुलगा गुरांमागे गेला होता. त्याच्या आईने आम्हांस पाटावर बसविले, गूळपाणी दिले, आणि मुलाचे काही चुकले असल्यास क्षमा करा, असे तीच आम्हांस म्हणू लागली. वर्गातली हकीकत मुलाने घरी सांगितलीच नव्हती. पोटात दुखते एवढेच तो सांगत होता. तो आल्यावर आम्ही वाटेत तयार केलेली शुद्ध मराठी वाक्ये आम्हांस आठवेनात. “म्हजें चुकलें,” असे आम्ही म्हणालो. त्याने चमकून वर पाहिले. ‘सरांनाही ही भाषा येते?’ असा प्रश्न त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होता. तो काही बोलला नाही. सोमवारी मात्र शाळेत आला.

यानंतर तो एकदम हुशार झाला किंवा आमचा आवडता शिष्य झाला, असे काही घडले नाही. आमच्या तासाला तो दीर्घकाळ आखडूनच बसे, आणि मोठ्याने वाचावयास आम्ही त्याला सांगितले तर त्याचा आवाज खोल जाई. लागलेली गोळी परत येत नाही, एवढे आम्हांस कळले. आता वर्गात कोणाची चूक दाखवावी लागली तर आम्ही एक वाक्य बोलतो आणि थांबतो. थांबणे प्रत्येक वेळी साधतेच असे नाही. म्हणून ही परीक्षा आम्ही वरचेवर घेतो. आणि एखाद्या मुलाविषयी दुसऱ्या शिक्षकाचे मत कानी पडले, तर ते पितळी काडतूस आठवून स्वतः पाहिल्यावाचून त्यावर विसंबत नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी जे छात्रसेनेत येतील, त्यांनी उस्तादांच्या आज्ञेवाचून शस्त्राला हात लावू नये आणि रिकामे शस्त्रही भरलेलेच समजावे, हे तर आम्ही सांगूच. जे येणार नाहीत, त्यांच्याही जिभेला एक चाप आहेच. तो दाबता येतो की नाही, याची परीक्षा घेण्याचे कारण नाही.

गेल्या हिवाळ्यातील शिबिरात त्याच मुलाने छात्र म्हणून ही परीक्षा आमच्यासमोर करून दाखविली. ‘खट्’ झाल्यावर त्याने बोट काढले नाही. बोल्ट ओढला, डोळे मिटले आणि बोट हळूहळू सैल करू लागला. आम्ही भोवतालच्या मुलांना गप्प राहण्याची खूण केली.