बादलला घेऊन तोरणमाळला गेलो होतो

मित्रांनो, दिवाळीनंतर दोन दिवस फोन लागत नव्हता म्हणून बऱ्याच जणांनी तक्रार केली. तोरणमाळला होतो, वर रेंज येते-जाते. सोबत बादल होता.

बादल म्हणजे आमचा कुत्रा. नाव घोड्याचं आहे, कारण आला तो घोड्यांच्या मागून. तीन वर्षांपूर्वी दत्त जयंतीची आपली यात्रा उठली, तंबू निघाले, घोडेवाल्यांनी घोडे ट्रकमध्ये चढवले आणि निघून गेले. मी दुसऱ्या दिवशी मैदानावरच्या कचऱ्याचे फोटो काढायला गेलो, तर उरलेल्या चाऱ्याच्या ढिगात हे पिल्लू. कोणाचं होतं, कुठल्या राज्यातून आलं, काही पत्ता नाही. कचऱ्याची बातमी लागली, पिल्लू घरी आलं. आईने चार दिवस कटकट केली, पाचव्या दिवशी स्वतःच दुधात भाकरी कुस्करून दिली.

तोरणमाळला मी दरवर्षी दिवाळी झाली की जातो. वडील एसटीने न्यायचे, तेव्हा आपण धुळे जिल्ह्यात होतो. नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. पावसाळ्यात गर्दी होते, धुकं असतं, रील काढायला पोरं येतात. मला विचाराल तर खरं तोरणमाळ दिवाळीनंतरचं. यशवंत तलाव काठोकाठ भरलेला, पाणी स्थिर, पहाटे त्यावरून वाफ निघते. इथे खाली तापीकाठी दुपारी अजून घाम निघतो आणि वर साधारण अकराशे मीटरवर स्वेटर लागतं.

शहादा, म्हसावद, राणीपूर करत माझी जुनी ओम्नी घाटाला लागली. बादल खिडकीतून तोंड बाहेर काढून बसला होता. सात पायरीच्या वळणांवर समोरून एक पिकअप आली. आधी वाटलं लग्नाची गाडी, पण ढोल नव्हता. मागे पंधरा-वीस माणसं उभी, गाठोडी, भांडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, गोणपाटात गुंडाळलेले कोयते. एका पोराच्या अंगात शाळेच्या गणवेशाचा शर्ट होता. मी गाडी बाजूला घेतली. पिकअपच्या मागे एक तांबडा कुत्रा पळत होता. पुढच्या वळणापर्यंत पळाला, मग रस्त्याच्या मधोमध बसून राहिला. बादल भुंकला नाही. नुसता बघत होता.

वरपर्यंत अशा तीन गाड्या दिसल्या.

कुत्रा घेऊन जाणाऱ्यांनी विचारलं म्हणून सांगतो. मुक्कामाच्या ठिकाणी आधी फोन करून विचारा, सगळीकडे घेत नाहीत. रेबीजची लस दिलेली असू द्या. पट्टा सोडू नका, पाड्यात कोंबड्या-शेळ्या मोकळ्या असतात आणि त्या कोणाच्या तरी वर्षाच्या कमाईच्या असतात. रात्री कुत्रा खोलीतच. आपल्याकडे बिबट्या उसापर्यंत येतो, तिथे तर जंगलच आहे. आणि तलावाच्या काठावर दारूच्या बाटल्या फोडणाऱ्यांनो, बादलच्या पंजात काच गेली. मीच काढली, हळद दाबली, रुमाल बांधला. दोन दिवस तो तीन पायांवर फिरला.

म्हणून सीताखाई, खडकी पॉइंट काही झालं नाही. तलावाकाठीच बसलो. तिथे एक म्हातारे बाबा सीताफळं विकायला टोपली घेऊन बसले होते, पायाशी त्यांचा हाडं दिसणारा कुत्रा. दोन्ही कुत्र्यांनी एकमेकांना हुंगलं, मग मी काढलेल्या भाकरीवर दोघे बसले.

विचारलं, "बाबा, घरी कोण कोण?"

"मी न् म्हातारी. पोरगा, सून, दोन नातू गुजरातला गेले. ऊस तोडायला."

"कधी येतील?"

"होळीला."

"कुत्रा नाही नेला?"

"तिथं त्याला कोण खायला देईल? हा घर राखतो."

"मग इथे खातो काय?"

बाबा हसले. "आम्ही खातो ते."

मोठ्या नातवाची शाळा विचारली. चौथीत आहे म्हणाले. मग जरा थांबून, "होता."

मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिली होती. ती घेतली तेव्हाच दिवाळीनंतरचं ठरलं. डोंगरउतारावरची ज्वारी-मका काढून झाली की वर काम उरत नाही, आणि उचल तर फेडायची असते. हे मी वीस वर्षं लिहितोय, म्हणून यात नवीन काही नाही असं माझ्याच डोक्यात बसलं होतं. रोजगार हमीचा कायदा सगळ्यात आधी आपल्या महाराष्ट्राने केला, १९७७ साली. देशाने २००५ ला केला. स्थलांतरित मुलांसाठी हंगामी वसतिगृह आहे, शिक्षण हमी कार्ड आहे. बाबांना कार्डाबद्दल विचारलं. त्यांनी कमरेच्या पिशवीतून रेशनकार्ड काढून दाखवलं.

सीताफळं सगळी घेतली. मोठा पुण्यवान झालो असं नाही, शंभर-दोनशेचा मामला. पैसे देताना माझ्या लक्षात आलं की जाताना घाटात मी त्या पिकअपचा फोटोसुद्धा काढला नव्हता. सुट्टीवर होतो ना.

परत आल्यावर एका कार्यालयात गेलो. यंदा आतापर्यंत वरच्या पाड्यांतून किती कुटुंबं गेली, त्यात शाळेची मुलं किती, एवढंच विचारलं. साहेब भले माणूस, चहा पाजला. म्हणाले, सर्वेक्षण झालं की देतो. मी म्हटलं, साहेब, सर्वेक्षण होईपर्यंत पाड्यात मोजायला उरेल कोण? त्यांनाही हसू आलं. अर्ज देऊन आलोय, पोच माझ्याकडे आहे. आकडा आला की इथेच टाकेन, नाही आला तर तेही टाकेन.

तुमच्यापैकी कोणी गुजरातेत किंवा इकडे ऊसतोडीच्या फडावर जात असाल, ट्रकवर असाल, कारखान्यावर असाल, तर तिथे आपल्याकडची शाळेच्या वयाची पोरं दिसली की गाव-पाडा विचारून मला मेसेज करा. फोटो नको, नाव नको. पाडा आणि इयत्ता एवढं पुरे.

बादलचा पंजा बरा आहे. यात्रा जवळ आली, मैदान साफ करायला ट्रॅक्टर लागलेत. काल संध्याकाळी त्याला तिकडे फिरवायला नेलं, तर जुन्या चाऱ्याच्या जागेवर जाऊन बराच वेळ हुंगत बसला.