टी-रेक्स की राजासॉरस?

मुलांनो, आमच्या चौथीच्या वर्गात परवा चांगलीच जुंपली. 'ज्युरासिक पार्क' पाहिलेला एक म्हणे, टी-रेक्सच राजा. दुसरा म्हणे, आपला राजासॉरस! दोघं जिवलग, पण खिचडीला वेगवेगळ्या ओळीत बसले.

अरे, टी-रेक्स उत्तर अमेरिकेतला, राजासॉरस नर्मदाकाठचा. गाठ पडणार कशी? सिनेमातल्या वेलोसिरॅप्टरचंही तसंच. पडद्यावर माणसाएवढा; खरा जेमतेम तुमच्या कमरेएवढा, अंगावर पिसं असलेला.

मागून एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, आपल्या बीडात का न्हाई सापडत?"

प्रश्न नामी होता. आपल्या बालाघाटाचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. त्या आगीत हाडं कुठली टिकायला! पण चंद्रपूर जिल्ह्यात, डोंगरगावला, लांब मानेच्या एका डायनोसॉरची हाडं निघाली. १९९७ साली शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन छापलं. आज त्याला इसिसॉरस म्हणतात. पाला खाणारा, आणि अस्सल महाराष्ट्रातला. राजासॉरस आणि हा, दोघंही लामेटा नावाच्या खडकांतच सापडले.

"म्हंजी ह्यांची गाठ पडली आसंल?" दोघं भांडखोर एकदमच ओरडले.

दुसऱ्या दिवशी खिचडीला दोघं शेजारी होते. वाद चालूच होता, राजासॉरसनं इसिसॉरसचं पिल्लू पळवलं असेल की नाही?