नो ड्यूज

महाविद्यालयाच्या कार्यालयात 'नो ड्यूज' नावाचा एक छापील कागद मिळतो. कोणी नोकरी सोडो, निवृत्त होवो किंवा सेवेत असतानाच जगाचा निरोप घेवो, त्याच्या नावाने हा कागद टेबलाटेबलांवरून फिरवावाच लागतो. ग्रंथालय, लेखा विभाग, जिमखाना, कर्मचाऱ्यांची पतपेढी, इतकेच काय, मराठीच्या प्राध्यापकासाठीसुद्धा भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा, या सर्वांनी 'काही येणे नाही' अशी सही केली की मगच पुढची कागदपत्रे हलतात. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागातील ज्येष्ठ सर निवृत्तीला वर्ष उरले असताना गेले. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी वहिनींच्या सोबतीने हा कागद आम्ही दोघांनी फिरवला.

ग्रंथालयाच्या रकान्यापाशी तो अडला. सरांच्या नावावर एक ग्रंथ 'ड्यू' होता : मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण. वहिनी म्हणाल्या, "त्यांचं कपाट मी दोनदा लावलंय, त्यात नाही हो ते. किती होतात सांगा, मी भरते." दंडासह किंमत भरली गेली, पावती फाटली, सही झाली.

तेव्हापासून हा शब्द आमच्या मागे लागला आहे. मूळचा तो इंग्रजांच्या घरचा नव्हे. लॅटिनमध्ये 'देबेरे' म्हणजे देणे असणे. त्यावरून जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. कर्ज या अर्थाचा 'डेट', जमाखर्चातला 'डेबिट' आणि कर्तव्य या अर्थाचा 'ड्यूटी' ही सारी त्याच कुळातली भावंडे. 'डेट'च्या स्पेलिंगमध्ये जो 'बी' लिहितात पण उच्चारत नाहीत, तो या लॅटिन घराण्याची आठवण म्हणून विद्वानांनी मागाहून बसवलेला आहे. इंग्रजीचे स्वतःचे, देणे लागणे या अर्थाचे क्रियापद 'ओ'. गंमत अशी की त्याचा जुना अर्थ जवळ असणे, मालकीचे असणे असा होता. आणि 'करायला हवे' हे सांगणारे 'ऑट' हे त्याचेच जुने भूतकाळी रूप. जे जवळ आहे, जे द्यायचे आहे आणि जे करायला हवे, या तिन्ही गोष्टी त्या भाषेने एकाच धातूत सामावल्या होत्या.

'ड्यू'लाही इंग्रजीत दोन तोंडे आहेत. एक हिशेबाचे : हप्ता ड्यू, पुस्तक ड्यू. दुसरे औचित्याचे : ज्याला जे शोभते, ज्याचा जो हक्क आहे, ते त्याचे 'ड्यू'. मतभेद सांगण्यापूर्वी इंग्रज 'ड्यू रिस्पेक्ट' देतो तो याच अर्थाने. इंग्लंडच्या १३५४ च्या कायद्यात आणि पुढे १७९१ साली अमेरिकेच्या पाचव्या घटनादुरुस्तीत आलेला 'ड्यू प्रोसेस' हाही याच घरचा. आपल्या घटनाकारांनी हा शब्दप्रयोग बाजूला ठेवून कलम २१ मध्ये 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' असे शब्द योजले. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे असे सांगितले. गाळलेला शब्द परत आला नाही, पण त्याचा अर्थ आला.

मराठीने मात्र हा शब्द उसना घेताना त्याचे एकच तोंड घेतले. कर्जाचा हप्ता ड्यू असतो, खाते ओव्हरड्यू होते, लाइट बिलाला ड्यू डेट असते. आनंदाचा उपयोग एकच : "तिची ड्यू डेट कधी आहे?" दुसऱ्या तोंडाची आपल्याला गरज पडली नाही, कारण त्यासाठी आपल्याकडे 'मान' होता. लग्नात मामाचा असतो तो मान. त्याला कोणी ड्यू म्हणणार नाही. हिशेबासाठीही शब्द नव्हते असे नाही. येणे, बाकी, थकबाकी होते. 'नो ड्यूज'साठी बेबाकी दाखला हा झोकदार शब्द सहकारी सोसायट्यांतून आजही ऐकू येतो.

पण सर्वांत विलक्षण आहे तो आपला 'देणे' हा शब्द. 'निसर्गाचे देणे' म्हणताना ती देणगी असते, 'समाजाचे देणे' म्हणताना ते कर्ज असते. रचना तीच, षष्ठीही तीच. पहिल्यात निसर्ग दाता, दुसऱ्यात समाज धनको. मिळालेले आणि फेडायचे यांत मराठीने शब्दाचा फरकच केला नाही. शिवाय देणे आपण 'लागतो'. हे क्रियापद आपण आणखी कुठे वापरतो? "तो तुझा कोण लागतो?" नाते लागते, तसेच देणे लागते. वर्गात विभक्तिप्रत्यय शिकवताना इतकी वर्षे हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

असो. त्या दिवाळीच्या साफसफाईत कोश सापडला, आमच्याच माळ्यावर. संदर्भग्रंथ घरी देत नाहीत म्हणून सरांनी ग्रंथपालांना शब्द देऊन, स्वतःच्या नावावर तो आमच्या प्रबंधासाठी काढून दिला होता. आणि आता लिहायलाच हवे : त्या दिवशी ग्रंथालयाच्या खिडकीशी आमच्यापैकी एकाला काहीतरी आठवल्यासारखे झाले होते. मागे रांग होती, वहिनींनी पाकीट उघडले होते. आम्ही बोललो नाही.

कोश घेऊन ग्रंथालयात गेलो. 'किंमत वसूल' अशी नोंद झालेला ग्रंथ परत घेता येत नाही, असे कळले. मग पैसे आणि कोश घेऊन वहिनींकडे गेलो, घडले ते सांगितले. खिडकीशी गप्प राहिल्याचेही सांगितले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग पाकीट आमच्याकडे सरकवत म्हणाल्या, "हिशेब कसले करता? त्यांनी तुमच्यासाठीच आणला होता ना? राहू दे तुमच्याकडे. आणि बसा, चहा टाकते."

कोश आता आमच्या टेबलावर असतो. आम्ही निवृत्त होऊ तेव्हा आमचाही कागद फिरेल. भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सही करील, ग्रंथालयही करील. तो कोश आमच्या नावावर कोणत्याच नोंदवहीत नाही.