रणजीचा हिशेब

न्यू जर्सीत राहणारा माझा भाचा बेसबॉलवेडा आहे. त्याचा संघ न्यूयॉर्क यांकीज. २०२४ साली ते अंतिम लढतीत लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडून ४-१ असे हरले आणि डिसेंबरात त्यांचा हुआन सोटो हा बिनीचा खेळाडू त्याच शहरातल्या मेट्स संघाकडे निघून गेला. पंधरा वर्षांचा करार, साडेशहात्तर कोटी डॉलर! भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, इकडे मोसम संपला की खरी चर्चा सुरू होते. कोण राहिला, कोण गेला, पुढच्या वर्षी काय. तुमच्याकडे असं काही नसतं ना?"

नसतं कसं? आयपीएलच्या गोंगाटात कुणाला ऐकू जात नाही, इतकंच.

तर मंडळी, आज हिशेब मुंबईच्या रणजी संघाच्या २०२४-२५ च्या मोसमाचा. शिळा विषय म्हणाल, पण त्या मोसमाशी माझे एक खासगी कारण जोडलेले आहे. ते पुढे येईल.

आमच्या पिढीला हरणारी मुंबई माहीतच नव्हती. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी ओळीने पंधरा वर्षे करंडक मुंबईकडे. मी शाळेत गेले, मॅट्रिक झाले, बी.ए. झाले, मुंबई आपली जिंकतेच आहे! पुढे तो माज उतरला. १९९१ चा वानखेडेवरचा अंतिम सामना आठवा. हरियाणाविरुद्ध ३५५ हवे होते, ३५२ झाले. दोन धावांनी हार, आणि वेंगसरकर १३९ वर नाबाद. त्या दिवशी आमच्याकडे कुणी धड जेवले नाही. २०१५-१६ नंतर तर करंडक आठ वर्षे आलाच नाही. मार्च २०२४ मध्ये विदर्भाला १६९ धावांनी हरवून तो आला, बेचाळिसावा.

त्या वर्षी आमच्या कल्याणच्या तुषार देशपांडेने बडोद्याविरुद्ध अकराव्या क्रमांकावर येऊन १२३ धावा केल्या होत्या. दहाव्या क्रमांकावरचा तनुष कोटियन नाबाद १२०. शेवटच्या जोडीची भागी २३२. असे यापूर्वी फक्त एकदाच झाले होते, १९४६ साली इंग्लंडमध्ये सर्वटे आणि शुटे बॅनर्जी यांच्याकडून. आंबिवलीहून कल्याण दोन स्टेशने, म्हणून "आमच्या" म्हणते. पुढच्या मोसमात तुषार घोट्याच्या दुखापतीने बाहेर राहिला, मुशीर खान मोटार अपघातामुळे.

मोसमाची सुरुवात झकास झाली होती. लखनौला इराणी करंडक सत्तावीस वर्षांनी मिळाला, सर्फराजच्या नाबाद २२२ सह. डिसेंबरात श्रेयस अय्यरच्या नेतृत्वाखाली मुश्ताक अली करंडकही. पण रणजीत पहिल्याच सामन्यात बडोद्याने ८४ धावांनी पाडले. आणि जानेवारीत बांद्रा-कुर्ला संकुलातला तो जम्मू-काश्मीरचा सामना! ऑस्ट्रेलियात मार खाल्ल्यावर मंडळाने मोठ्यांना रणजी खेळा म्हणून सांगितले होते, त्यामुळे रोहित, यशस्वी, श्रेयस, रहाणे, दुबे, शार्दूल असे सगळे एका संघात. रोहित सुमारे दहा वर्षांनी रणजी खेळत होता. एवढे सगळे मिळून १२०! त्यातले ५१ एकट्या शार्दूलचे. दुसऱ्या डावात पुन्हा पडझड, पुन्हा शार्दूलच, ११९. तरी पाच गडी राखून काश्मीर जिंकले. मला त्या पोरांचे कौतुकच वाटले. नावे बघून घाबरली नाहीत.

गंमत पुढे आहे. मुंबईने मेघालयाला एक डाव आणि ४५६ धावांनी हरवले, पण बाद फेरीत जायचे तर बडोदा हरायला हवा होता. त्याला हरवले कुणी? जम्मू-काश्मीरनेच. पाठीत धपाटा घालणाऱ्यानेच हात देऊन वर ओढले.

ईडनवर हरियाणाविरुद्ध रहाणेने दुसऱ्या डावात १०८ केल्या आणि नागपूरला विदर्भाशी गाठ पडली. तिथे सगळे उघडे पडले. पार्थ रेखडेने एका षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि दुबे यांना घरी पाठवले. आकाश आनंदने १०६ केल्या म्हणून २७० तरी झाल्या. यश राठोडच्या १५१ मुळे चौथ्या डावात ४०६ चे लक्ष्य, आणि आपण ३२५ वर बाद. हर्ष दुबेने पाच घेतले. त्याचे मोसमात ६९ बळी झाले, एका रणजी मोसमातला तो विक्रम ठरला. करंडक विदर्भाने नेला. नागपूर काय परके आहे का, असे मी मनाला समजावले. समजले नाही.

माझे मत विचाराल तर मुंबईची आघाडीची फळी नावावर खेळत होती. सामने तळाच्यांनी ओढले. मग उन्हाळ्यात आपल्याकडचा "सोटो" प्रकार सुरू झाला. एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने गोव्याकडून खेळायला परवानगी मागितली, मे महिन्यात मागे घेतली. पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडे गेला. ऑगस्टमध्ये रहाणेने कप्तानपद सोडले आणि ते शार्दूलकडे आले. पालघरहून लोकलने किटबॅग घेऊन मुंबई गाठणारा मुलगा मुंबईचा कप्तान. मला अतिशय आनंद झाला.

आता खासगी कारण. माझा एक जुना विद्यार्थी मोहोन्याला राहतो. वडील एन.आर.सी.त होते, २००९ मध्ये कंपनी बंद पडली तेव्हा घर कसेबसे सावरले. त्याचा मुलगा डावखुरा फिरकी टाकतो. पहाटेच्या लोकलने, सामानाच्या डब्यात किटबॅग कवटाळून दादर, आणि परत येऊन शाळा. जयस्वालची बातमी आली त्या आठवड्यात बाप घरी आला. "बाई, जयस्वालसारखा मुंबई सोडायला निघतो, तर आमचं काय? तिकडे लहान राज्यात ओळखीचे आहेत. पोराला ठेवतो म्हणतात. तिथे शाळेत नाव घालू का? मुंबईत निवड म्हणजे रांग केवढी!"

खोटा धीर देणे मला जमत नाही. तुषारचे उदाहरण आहेच. लहानपणी शिवाजी पार्कच्या निवडीला गेला, फलंदाजांची रांग लांब दिसली म्हणून गोलंदाजांच्या रांगेत उभा राहिला. पण दुसरे उदाहरणही सांगितले. पद्माकर शिवलकर, हाच डावरा फिरकीवाला, ३ मार्च २०२५ ला गेले. १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात मद्रासला १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी. एकूण ५८९ बळी. भारताकडून एकही कसोटी नाही, कारण त्याच काळात बेदी होते. मुंबईत राहून मिळते ते हे सुद्धा असते.

बाप गप्प बसला. मग मी म्हटले, "पोराला विचारलंस का?" विचारले नव्हते. तो बाहेर सायकलवर बसून होता. आत बोलावले. म्हणाला, "दहावी झाल्यावर बघू. यंदा कांगा खेळायचीय."

कांगा लीग ही मुंबईची खास चीज. १९४८ पासूनची, भर पावसाळ्यातली. ओली खेळपट्टी, गुडघाभर गवत, चेंडू कधी उडतो कधी घसरतो. बाकीचा देश विश्रांती घेतो तेव्हा इथली पोरे चिखलात खेळतात. बापाला माझे उत्तर आवडले नाही, हे त्याच्या चहा पिण्यावरून कळले. असो.

त्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, त्यांच्या घरावरून जाताना डोकावले. पोराची आई ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत बसली होती. "तीन विकेट, बाई," ती म्हणाली, "आणि घोटाभर चिखल."