यादीत नाव कोण घालणार?

नेकनूरहून किल्लारीला जायचं तर केज, अंबाजोगाई, लातूर, औसा असा रस्ता. 1993 च्या ऑक्टोबरात त्या रस्त्यावर औशाच्या पुढे मदतीच्या ट्रकांपेक्षा बघ्यांच्या गाड्याच जास्त वाटत होत्या. आमचा ट्रक भाकरी-चटणीचा. घरोघर फिरून गोळा केलेल्या भाकरी, वरून पावसाची झड. 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपानं आमच्याकडेही मांडणीवरची भांडी वाजली होती. पण आदल्या रात्री गणपती बुडवून आलेली आम्ही पोरं, कूस बदलून पुन्हा झोपलो. तिकडे किल्लारी-सास्तूर भागात हजारो माणसं माळवदाखाली गेली होती.

माळवद आम्हाला नवीन नव्हतं. चिखलात रचलेल्या रुंद दगडी भिंती, वर लाकडी सरे, त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी आणखी माती चढवायची. उन्हाळ्यात घर गार राहायचं. त्या रात्री मातीचं तेच ओझं निजलेल्यांवर आलं.

मदत कमी नव्हती. लष्कर होतं, परदेशातून आलेले तंबू आणि औषधं होती, आणि जुन्या कपड्यांचे ढीग तर रस्त्याकडेला भिजत पडले होते. त्या ढिगांत मी चकचकीत पार्टीचे झगे पाहिले. पाठवणाऱ्याच्या मनात काय होतं देव जाणे. पण कोणत्या गावात किती माणसं उरली, कोणाला काय हवं, हे विचारलं की जो तो तलाठ्याकडे बोट दाखवायचा. आणि काही गावांत तलाठी स्वतःच आपल्या माणसांची प्रेतं शोधत होता.

पुढे मी त्याच भागात एका संस्थेच्या कामाला लागलो. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला होता. 52 गावं नव्या जागी वसवली गेली. काही गावं देशभरातल्या संस्थांनी दत्तक घेतली. रुंद सरळ रस्ते, ओळीत घरं. जुन्या गल्ल्यांपेक्षा कितीतरी पट पसारा. उद्घाटनाच्या फिती कापल्या गेल्या, पाहुणे परतले आणि लांबच लांब नळ, दिवे, रस्ते सांभाळायचं काम ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडलं. तिची घरपट्टीची वसुली जुन्या गल्लीपुरतीसुद्धा कशीबशी पुरायची.

जी गावं जागेवरच राहिली, तिथल्या लाखांवर घरांची दुरुस्ती सरकारी मदतीच्या हप्त्यांतून घरमालकांनीच करायची होती. एका गावात भिंत कशी बांधून घ्यायची ते मी समजावत होतो. एक म्हातारी म्हणाली, ‘दादा, भिंतीचं कळलं. पण यादीत नाव कोण घालणार?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते आलं बायांकडून. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगाव संवाद सहायक नेमल्या. कोणाचा हप्ता अडला, कोणाच्या भिंतीत आडवे दगड घातलेच नाहीत, हे त्या ग्रामसभेत उभं राहून बोलायच्या. पुढे 2001 मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा इथल्या बाया तिकडच्या बायांना भेटायला गेल्या. आंतरराष्ट्रीय परिषदांत ऐकलेल्या भाषणांपेक्षा मला ते सहकार्य मोठं वाटतं.

2005 मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आलं. भारत आता दुसऱ्या देशांनाही मदत पाठवतो. 2023 मध्ये आपली पथकं भूकंपग्रस्त तुर्कस्तानात गेली. याचा मला अभिमानच आहे.

मग 2025 चा सप्टेंबर आला. बीड, धाराशिव, लातूर पाण्याखाली. या वेळी बोटी आणि हेलिकॉप्टर वेळेवर आले, हे मान्यच करायला हवं. पाणी ओसरलं आणि पंचनामे सुरू झाले. आमच्या भागातल्या तलाठ्याकडे एकाहून जास्त सजे. तो बिचारा मोटारसायकलवर, चिखलात, मोबाइलला रेंज नाही. शेजारच्या पोराचं सोयाबीन कुजलं होतं आणि माती वाहून खाली मुरूम उघडा पडला होता. मातीची नोंद झालीच नाही, पिकाची झाली. मग ई-केवायसी, अंगठा उमटेना.

‘काका, जिल्हा परिषदेच्या मेंबरला सांगू का?’ त्यानं विचारलं. 2022 च्या मार्चपासून जिल्हा परिषदेवर प्रशासक आहे, मेंबर कुठला, असं मी त्याला सांगितलं. त्याला ते ठाऊकच नव्हतं. गेल्या निवडणुकीत मत द्यायचं त्याचं वयही नव्हतं.